चार मीटर सदतीस

सकाळी सहा वाजून पाच मिनिटांनी बंदराकडे जाणारी बस स्टँडातून बाहेर पडली. डाव्या बाजूच्या चौथ्या रांगेत खिडकीशी ओळंबे बसले होते, शेजारी त्यांची बायको. लग्नाला एकोणचाळीस वर्षं झाली. प्रवासात खिडकी कायम तिची. आज त्यांनी ती मागून घेतली, तेव्हा तिने नुसतं त्यांच्याकडे पाहिलं, पर्स उचलली आणि सरकून जागा दिली.

"वारा लागेल तुम्हाला," एवढंच म्हणाली.

जहाज दुपारी चारला सुटणार होतं आणि त्यावर चढायची दारं दोनला बंद होणार होती. पाच रात्री समुद्रावर, वरच्या मजल्यावरच्या दोन खोल्या. सगळी हौस लेकीची. जावयाला रजा मिळाली नव्हती, म्हणून जाणार होते ते चौघेच: हे दोघे, लेक आणि सहा वर्षांची नात. एका जागी दोन मिनिटं टिकत नाही म्हणून तिला घरात भिंगरी म्हणत.

लेक आणि भिंगरी मात्र या बसमध्ये नव्हत्या. त्या सात पंचवीसच्या गाडीने निघणार होत्या.

यावरून घरात महिनाभर धुसफूस झाली होती. लेकीने सवयीप्रमाणे कागदावर मधोमध रेघ मारली, एका बाजूला बस आणि दुसऱ्या बाजूला गाडी लिहिलं आणि कागद फ्रिजवर चिकटवला. गाडी वेगाने जाते, गाडीत संडास असतो, सामान डोळ्यासमोर राहतं, पोरीला झोपता येतं. शिवाय भिंगरीला बस लागते; मागच्या वेळी तिने आईच्या ओढणीवर आणि कंडक्टरच्या बुटावर मिळून सगळं बाहेर काढलं होतं. गाडीच्या बाजूला सात ओळी झाल्या. बसच्या बाजूला एकच ओळ होती, ओळंब्यांच्या टोकदार अक्षरात: धक्क्याच्या दारात उतरवते.

"चौतीस वर्षं रेल्वेचं मीठ खाल्लंत बाबा," लेक म्हणाली होती, "आणि आता बसची वकिली करताय?"

गाड्या हल्ली वेळेवर नसतात, असं ते म्हणाले. लेकीने तिथल्या तिथे फोनवर महिन्याचा हिशेब काढून दाखवला. सात पंचवीसची गाडी तीस दिवसांत दोनदाच उशिरा पोचली होती. बंदराचं स्टेशन धक्क्यापासून लांब पडतं, असं ते म्हणाले. टॅक्सीने बारा मिनिटं, असं उत्तर आलं. मग त्यांनी आवाज चढवला. हे त्यांच्या स्वभावात नव्हतं, म्हणून सगळ्यांनाच चमत्कारिक वाटलं. शेवटी तोडगा बायकोने काढला. ज्याला जे आवडतं त्याने त्याने जावं, धक्क्यावर भेटू. यांना साखरेचा त्रास आहे, एकटं सोडता येणार नाही, तेव्हा मी यांच्याबरोबर. भिंगरीला ही शर्यतच वाटली. जो आधी पोचेल त्याला जहाजावरचा वरचा पलंग, अशी पैज तिने आजोबांशी लावली.

ओळंब्यांनी पैज मान घालून कबूल केली. खरं कारण त्यांनी कुणालाच सांगितलं नव्हतं.

ओळंबे हे त्यांचं आडनावही नव्हे. ते रेल्वेत पूल निरीक्षक होते. भिंत सरळ आहे की नाही ते पाहायला गवंडी जो ओळंबा सोडतो, तितका सरळ माणूस म्हणून ऑफिसात कुणीतरी हे नाव ठेवलं आणि ते इतकं चिकटलं की खरं आडनाव पगारपत्रकापुरतंच उरलं. तपासायला आलेल्या मोठ्या साहेबांनी एकदा सगळ्यांदेखत म्हटलं होतं, ओळंब्यांचा आकडा म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. ते वाक्य ओळंबे विसरले नव्हते. अलीकडे ते त्यांना वारंवार आठवत होतं.

या मार्गावर एक्केचाळीस नंबरचा पूल त्यांच्याकडे होता. नऊ खांब, खाली रुंद नदी. पुलाचं दुखणं वरून दिसत नाही. पाणी खांबाला अडतं, वळसा घेतं आणि पायथ्याची वाळू उकरून नेतं. खड्डा पडत जातो आणि एक दिवस खांब अधांतरी उभा असतो. म्हणून दरवर्षी पावसाळा सरला की होडी घेऊन प्रत्येक खांबाशी जायचं, शिशाचं वजन बांधलेला दोर पाच ठिकाणी तळापर्यंत सोडायचा आणि खोली रजिस्टरात मांडायची. पंचेचाळीस आकडे. दोन दिवसांचं काम. तिसऱ्या खांबाच्या वरच्या अंगाला, म्हणजे जिथून पाणी येतं त्या बाजूला, खड्डा वाढतो आहे हे ओळंब्यांना ठाऊक होतं. तिथे खोली साडेचार मीटरवर गेली की गाड्यांचा वेग उतरवायचा, वर कळवायचं, पाणबुडे बोलवायचे, असा नियम होता.

नोकरीच्या शेवटच्या वर्षी होडी फुटली. नवी मागवली, आली नाही. गुडघा सुजलेला. निवृत्तीला आठ दिवस राहिले होते. पुलाच्या टोकाशी गँगमनची पत्र्याची खोली होती. तिथे स्टुलावर बसून ओळंब्यांनी मागच्या वर्षीचं पान उघडलं आणि पंचेचाळीस आकडे लिहून काढले. कुठे तीन सेंटिमीटर वाढवले, कुठे दोन कमी केले. पंचवीस मिनिटं लागली. तिसऱ्या खांबाशी पेन जरा थबकलं. मागच्या वर्षी तिथे चार मीटर एकतीस होतं. त्यांनी चार मीटर सदतीस लिहिलं. शून्यावर किंवा पाचावर संपणारा आकडा तपासणाऱ्याच्या डोळ्यात भरतो. सदतीस मोजल्यासारखा दिसतो. चौतीस वर्षांत त्यांनी अनेकांचे असे आकडे पकडले होते, म्हणून ते कसे लिहावेत हेही त्यांना नेमकं माहीत होतं.

त्यांच्या जागी बारक्या आला. कामाला लागला तेव्हा तो काडीसारखा होता म्हणून बारक्या; आता त्याला दोन खुर्च्या पुरल्या नसत्या. गेल्या महिन्यात ओळंबे हयातीचा दाखला द्यायला ऑफिसात गेले, तेव्हा बारक्याने चहा मागवला. बोलता बोलता होडीचा विषय निघाला.

"कुठली होडी साहेब," बारक्या हसून म्हणाला. "तुमच्यानंतर तिचं तोंड पाहिलं नाही. पण तुमचं रजिस्टर आहे ना. त्याच्यावर आमचं निभावतं."

ओळंब्यांनी चहा अर्धा ठेवला. पुढे काही विचारलं नाही. घरी आले तेव्हा फ्रिजवर लेकीचा कागद लागलेला होता.

त्यांचं वर्ष धरून चार पावसाळे झाले होते.

बस शहराबाहेर पडली. कंडक्टर तिकिटं तपासत मागे आला, बॅगांना बांधलेल्या जहाजाच्या लाल पट्ट्या पाहून म्हणाला की एवढ्या लांब पाण्यावर जायचं तर बसचा हा खडखडाट शेवटचा समजा. बायको हसली. ओळंब्यांनी मान हलवली. सात सत्तावीसला लेकीचा निरोप आला: निघालो. सोबत फोटो. भिंगरीने काचेला नाक लावून चपटं केलं होतं.

"बघा, काय ध्यान आहे," म्हणत बायकोने फोन त्यांच्यापुढे धरला. त्यांनी फोटो बराच वेळ पाहिला, मग स्वतःच्या फोनवर गाडी कुठे आहे ते दाखवणारं पान उघडलं आणि ते पुन्हा बंद केलं नाही.

त्या पुलावरून रोज चाळीस गाड्या जातात, हे ते स्वतःला सांगत होते. काल चाळीस गेल्या, परवा चाळीस गेल्या. मागच्या चहाच्या थांब्यावर मात्र टपरीवर पडलेल्या पेपरात त्यांनी वाचलं होतं की अवकाळी पावसामुळे वरच्या धरणाचे दरवाजे तीन दिवस उघडे आहेत. आतल्या पानावर चार ओळींची बातमी. काठच्या लोकांना सावध राहायला सांगितलं होतं. खांबांना कोण सांगणार.

बायकोने डबा उघडला. त्यांनी दोन घास खाल्ले.

"गुडघा दुखतोय?"

"नाही."

"मग मघापासून पाय का हलवताय?"

त्यांनी पाय दाबून धरला.

दहा वाजून एकवीस मिनिटांनी बस नदीवर आली. रस्त्याचा पूल नवा आणि उंच. डाव्या हाताला, दोनशे मीटरवर, एक्केचाळीस नंबर. याचसाठी त्यांनी खिडकी मागितली होती. पाणी तांबूस, वेगाचं, काठच्या झुडपांच्या कमरेपर्यंत आलेलं. खांब सरळ उभे होते. पहिला, दुसरा. तिसऱ्याशी पाणी फुगून वर चढत होतं आणि मागे लांबच लांब भोवरा सुटला होता. बाकीच्या खांबांशीही भोवरे होते, पण आखूड. यावरून काही सिद्ध होत नाही, हे ओळंब्यांना चांगलं माहीत होतं. तळाला दोर टेकल्याशिवाय काहीच सिद्ध होत नाही. पूल संपेपर्यंत त्यांनी कपाळ काचेला टेकवून ठेवलं होतं. भिंगरीसारखं.

त्यांनी फोन पाहिला. गाडी नदीअलीकडच्या छोट्या स्टेशनात दहा सेहेचाळीसला पोचणार होती. तिथे दोन मिनिटं थांबा. मग चार किलोमीटरवर पूल. पुलापलीकडे बोगदे, आणि पुढचं स्टेशन अकरा पंधराला.

दहा चोवीसला त्यांनी बारक्याला फोन लावला. बारक्याने दुसऱ्या घंटेला उचलला आणि जहाज कसं आहे, असं मोठ्या आवाजात विचारलं. ओळंब्यांनी त्याला यंदाचं रजिस्टर काढायला सांगितलं. तो थोडा घुटमळला, मग खुर्ची सरकल्याचा आवाज आला, कपाटाचं दार वाजलं.

"तिसरा खांब. वरचं अंग. आकडा वाच."

"चार त्रेचाळीस."

"मागच्या वर्षी?"

"चार एक्केचाळीस."

"त्याच्या मागच्या?"

"एकोणचाळीस." बारक्याचा आवाज जरा खाली आला. "साहेब, तुमच्या आकड्यावर दरवर्षी दोन वाढवतो. अंदाज बरोबर बसतो. तुमचा सदतीस पक्का होता ना, त्याच्यावरच..."

"तो मी मोजला नव्हता," ओळंबे म्हणाले.

शेजारी डब्याचं झाकण लावणारा बायकोचा हात थांबला.

पलीकडे रजिस्टर मिटल्याचा आवाज आला. मग बारक्याने विचारलं की आत्ता त्याने नेमकं काय करायचं. गाडी अलीकडच्या स्टेशनात थांबव, असं ओळंब्यांनी सांगितलं. पाणी उतरेपर्यंत पुलावर गाडी सोडू नको. कंट्रोलला कळव.

"कशावर थांबवू, साहेब? रजिस्टर तर बरोबर आहे."

"चूक आहे म्हणून सांग. माझं नाव सांग."

"तुमचं नाव सांगितलं तर पुढची तीन वर्षं माझी आहेत," बारक्या म्हणाला. हे तो रागाने म्हणाला नाही. तो हिशेब करत होता, आणि हिशेब करायला त्याला ओळंब्यांनीच शिकवलं होतं. "मी बघतो," असं म्हणून त्याने फोन ठेवला.

मी बघतो, या दोन शब्दांचा ऑफिसात काय अर्थ होतो ते ओळंब्यांना ठाऊक होतं. त्यांनी स्वतः ते अनेकदा वापरले होते. छोट्या स्टेशनचा नंबर त्यांच्याकडे नव्हता. पूर्वीचा स्टेशनमास्तर बदलून गेला होता. त्यांनी चौकशीचा नंबर लावला. तीनदा बटणं दाबल्यावर एक मुलगी आली आणि तिने गोड आवाजात तिकिटाचा नंबर विचारला. त्यांनी सांगितलं की तिकीट नाही, आपण बसमध्ये आहोत. बसच्या तक्रारींसाठी वेगळा नंबर आहे, असं ती म्हणाली. ओळंब्यांनी पुलाचा नंबर सांगितला, खांब सांगितला, आपलं खरं नाव आणि हुद्दा सांगितला. नाव उच्चारताना ते त्यांना परक्याचं वाटलं. तक्रार नोंदवली आहे, बहात्तर तासांत उत्तर येईल, असं कळलं.

दहा चाळीस झाले होते.

लेकीचा फोन भिंगरीने उचलला.

"आजोबा, तुम्ही कुठे पोचलात? खोटं सांगायचं नाही हं."

"नदी ओलांडली."

"हरलो," ती आईला म्हणाली. "ते पुढे आहेत गं. आजोबांनी नदी ओलांडली."

"आईकडे फोन दे, बाळा."

लेक आली. पुढच्या स्टेशनात उतर, असं त्यांनी सांगितलं. सामान राहू दे, पोरीला घे आणि उतर. लेकीने कारण विचारलं. पुलाचं सांगताच तिने सुस्कारा टाकला. दोनला दारं बंद होतात, तिथून दुसरी गाडी दुपारची आहे, पाच महिने आधी खोल्या घेतल्यात, रोज माणसं त्याच पुलावरून जातात. ती समजुतीच्या स्वरात बोलत होती, जसं अलीकडे ती त्यांच्या औषधांबद्दल बोलायची.

"बाबा, तुम्ही रिटायर झालात," ती म्हणाली. "आता दुसरी माणसं आहेत ते काम करायला."

"ती माझेच आकडे लिहितात."

"मग चांगलंच आहे की."

ओळंब्यांनी फोन दुसऱ्या हातात घेतला. पुढच्या रांगेतला माणूस वळून पाहत होता. लहानपणापासून त्यांनी लेकीला एकच गोष्ट शिकवली होती, सरळपणा; तिच्या वह्यांवर, कपाटावर, लग्नाच्या यादीवरसुद्धा ती सरळ रेघ ओढायची ती त्यांच्याकडूनच आली होती.

"मी मोजलं नव्हतं," ते म्हणाले. "शेवटच्या वर्षी मी होडीत बसलोच नाही. खोलीत बसून लिहिलं. सगळं खोटं आहे. ऐकतेस ना?"

आवाज तुटक आला. ते अर्धवट ऐकू आलेलं "बाबा" होतं, की "काय" होतं, ते त्यांना सांगता आलं नसतं. मग फोन बंद झाला. त्यांनी पुन्हा लावला. त्या पट्ट्यात नेटवर्क जातं हे त्यांना माहीत होतं. पूल तपासायला येत तेव्हा घरी फोन करायचा तर त्यांना टेकाडावर चढावं लागे. दहा चव्वेचाळीस. त्यांनी पुन्हा लावला.

बायकोने डबा पिशवीत ठेवला. पिशवीचे बंद बांधले, सोडले, पुन्हा बांधले.

"पुलाच्या कामावरून आलात की तुमची पँट गुडघ्यापर्यंत चिखलाने भरलेली असायची," ती समोरच्या सीटच्या पाठीकडे पाहत म्हणाली. "दोन पाण्यांतून काढावी लागायची. दरवर्षी. त्या वर्षी धुवायलाच निघाली नाही."

त्यांनी फोन कानाशी धरून ठेवला.

"मी विचारलं नाही," ती म्हणाली. "शेवटचे दिवस होते, बरं वाटलं होतं मला. म्हटलं, यंदा कुणा दुसऱ्याला उतरवलं असेल पाण्यात. गुडघा वाचला."

तिने पर्समधून स्वतःचा फोन काढला, चष्मा लावला आणि लेकीचा नंबर लावला. कानाशी धरला. खाली घेतला. पुन्हा लावला. आता दोघांचेही फोन चालू होते, एक तिचा आणि एक त्यांचा, आणि दोन्हींतून तीच बाई सांगत होती की आपण लावलेला नंबर संपर्कक्षेत्राबाहेर आहे.

दहा सेहेचाळीसला फोनच्या पानावर एक ओळ बदलली. गाडी नदीअलीकडच्या स्टेशनात पोचली होती. वेळेवर.

दहा अठ्ठेचाळीसला ती सुटायला हवी होती. पानावर काही बदललं नाही. दहा पन्नास. दहा बावन्न. ओळंब्यांनी पान खाली ओढून ताजं केलं, एकदा, दोनदा. मधलं चक्र फिरायचं आणि तीच ओळ परत यायची. छोट्या स्टेशनातून सुटल्याची नोंद कधी कधी येत नाही. तेव्हा पुढच्या स्टेशनात पोचल्यावर दोन्ही नोंदी एकदम येतात. हे त्यांनी बायकोला सांगितलं. तिने मान हलवली. गाडी थांबवली असेल तरीही असंच दिसेल, हेही त्यांनी सांगितलं.

"आणि तिसरं?" तिने विचारलं.

त्यांनी पान पुन्हा खाली ओढलं.

कंडक्टर पुढून ओरडला की बंदर दीड तासावर आलंय, कुणाला उतरायचं असेल तर पंपावर पाच मिनिटं थांबतो. कुणी उठलं नाही. ड्रायव्हरने बस थांबवली नाही. अकराला त्यांनी बारक्याला फोन लावला. तो दुसऱ्या कुणाशी तरी बोलत होता. अकरा पाचला लावला, बोलत होता. अकरा अकराला घंटा वाजत राहिली आणि त्याने उचलला नाही. बोलतोय ही चांगली खूण आहे, असं बायको म्हणाली. मग उचलत का नाही, असं मात्र तिने विचारलं नाही.

अकरा पंधराला गाडी बोगद्यांपलीकडच्या स्टेशनात पोचायची वेळ झाली. बायकोने त्यांच्या हातातला फोन घेतला नाही, फक्त वाकून त्यात पाहिलं. तिचं डोकं त्यांच्या खांद्याला लागलं आणि तिथेच राहिलं. खिडकीतून वारा येत होता. दोघांपैकी कुणीच काच ओढली नाही.

अकरा वाजून सव्वीस मिनिटांनी ओळंब्यांनी पान पुन्हा ताजं केलं. नदीअलीकडचं स्टेशन: पोचली, दहा सेहेचाळीस. सुटली, या शब्दापुढची जागा कोरी होती.